धोरणाची चिकित्सा : शिक्षकाने अंगी बाणवावयाची प्राथमिक कौशल्ये



शाळेत परिपत्रक आले की आपण ते बहुधा दोनच गोष्टींसाठी वाचतो : माहिती कोणत्या तारखेपर्यंत पाठवावयाची, आणि ती कोणत्या नमुन्यात भरावयाची. कामाचा भार पाहता हे स्वाभाविक आहे. परंतु त्या परिपत्रकामागे कोणीतरी एक निर्णय घेतलेला असतो. कोणती अडचण महत्त्वाची मानावयाची, ती कोणत्या उपायाने दूर करावयाची, पैसा कोठून आणावयाचा आणि काम कोणी करावयाचे, हे सर्व त्या निर्णयात ठरलेले असते. ह्यालाच सार्वजनिक धोरण म्हणतात. एखाद्या बाबतीत काहीही न करण्याचे ठरविणे हेही धोरणच होय.

ह्या निर्णयाचे घटक सुटे करून प्रत्येकाची पारख करणे म्हणजे धोरणाची चिकित्सा. हे काम मंत्रालयातील अधिकाऱ्यांचे वा विद्यापीठातील पंडितांचे, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे. धोरण कागदावरून उतरून मुलापर्यंत पोहोचते ते आपल्याच हातून, आणि ते पोहोचले की नाही हे प्रथम दिसते तेही आपल्यालाच. म्हणून चिकित्सेची प्राथमिक कौशल्ये शिक्षकाला अवगत असणे इष्ट आहे. चिकित्सा म्हणजे विरोध नव्हे, हेही आरंभीच सांगितलेले बरे. वैद्य नाडी पाहतो तो रोग्याशी भांडण्यासाठी नव्हे.

ह्या विद्येला स्वतंत्र शास्त्राचे रूप येऊ लागले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. १९५१ साली अमेरिकेत डॅनियल लर्नर व हॅरॉल्ड लासवेल यांनी संपादिलेल्या ग्रंथामुळे ‘धोरणशास्त्रे’ हे नाव रूढ झाले. पुढे बर्कली येथील प्राध्यापक युजीन बार्डॅक यांनी चिकित्सेच्या आठ पायऱ्या सांगितल्या व त्या जगभर शिकविल्या जातात. आपल्या कामापुरत्या मी त्या सहांत बसविल्या आहेत : प्रश्न, पुरावा, कारणे, पर्याय, कसोट्या आणि शिफारस.

शास्त्राचे नाव नवे असले, तरी रीत आपल्याला परकी नाही. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, ते धोरणचिकित्सेचा उत्तम नमुना आहे. वरिष्ठ वर्गांना उच्च शिक्षण दिले की ते आपोआप खालच्या थरांत झिरपेल, हे तत्कालीन सरकारी धोरणाचे गृहीतक होते. जोतीरावांनी विचारले, ते झिरपले काय? महसूल प्रामुख्याने कोणाच्या श्रमांतून येतो आणि तो कोणाच्या शिक्षणावर खर्च होतो, हा हिशेब त्यांनी मांडला. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. सुमारे बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करावेत, प्रशिक्षित शिक्षकास दरमहा किमान १२ रुपये वेतन द्यावे, अभ्यासक्रमात मोडी व बालबोध लेखनवाचन, हिशेब, शेती व आरोग्य यांची प्राथमिक माहिती असावी, असे नेमके पर्यायही त्यांनी दिले. ह्या सर्वांस आधार होता तो स्वतः शाळा चालविल्याच्या अनुभवाचा.

आता ह्या सहा पायऱ्या आपण आपल्याच भागातील एका प्रश्नावर चालवून पाहू. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील आपल्या गावांतून दसरादिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही त्या जातात, आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. त्यांच्याबरोबर आपल्या वर्गातील मुलेही जातात.

१. प्रश्नाची मांडणी

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. १९९० च्या दशकात मी सहशिक्षक म्हणून रुजू झालो. अनुपस्थितीच्या अहवालात ‘कारण’ नावाचा एक रकाना असे. त्यात मी सलग काही वर्षे एकच शब्दप्रयोग लिहीत गेलो : ‘पालकांची उदासीनता’. माझ्या आधीच्या गुरुजींनीही तेच लिहिले होते. वरून कोणी हरकत घेतली नाही.

प्रश्नाची मांडणी जशी असते, तसाच उपाय सुचतो. पालक उदासीन आहेत असे म्हटले, की प्रबोधन हाच उपाय ठरतो. आम्ही प्रभातफेऱ्या काढल्या, भिंतींवर घोषवाक्ये लिहिली. टोळ्या निघावयाच्या त्या दिवशी निघतच होत्या, आणि मुले गाडीत बसतच होती.

पुढे शाळेत शिजवलेला आहार सुरू झाल्यानंतरच्या एका वर्षी, चौथीतील एका हुशार मुलीला थांबवून घ्यावे म्हणून मी तिच्या घरी गेलो. आईवडील सामान बांधीत होते. आजी ओसरीवर बसली होती. मी तिला म्हणालो, ‘‘आजी, पोरीला तुमच्यापाशी ठेवा. दुपारचे जेवण शाळेत मिळते.’’ म्हातारी म्हणाली, ‘‘गुरुजी, दुपारचं लेकरू शाळेत खाईल. सांजच्याला चूल कोण पेटवील? मला डोळ्यानं दिसंना.’’

मी निरुत्तर झालो. त्या घरी शिक्षणाविषयी उदासीनता नव्हती, संध्याकाळची भाकरी करणारे माणूस नव्हते. ती मुलगी त्या वर्षी गेली. एप्रिलमध्ये परतली तेव्हा तिला भागाकार येईनासा झाला होता, आणि पुढच्या वर्षी ती शाळेतच आली नाही. माझ्या अहवालातील रकाना मात्र भरलेला होता.

ह्यावरून पहिला नियम असा की, प्रश्न मांडताना त्यात दोषारोप किंवा उपाय आधीच घुसडू नये. ‘पालक उदासीन आहेत’ हा दोषारोप झाला, ‘वसतिगृह नाही’ हा उपाय झाला. ‘इयत्ता पहिली ते पाचवीतील इतकी मुले ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर शाळेबाहेर असतात’ ही प्रश्नाची खरी मांडणी होय. तीत कोण, किती, केव्हा आणि कोठे, हे चारही यावेत.

२. पुरावा

पुरावा आपल्या कपाटातच असतो. हजेरीपत्रक हे वेतनदेयकाइतकेच महत्त्वाचे दप्तर आहे. तथापि आकडे वाचावयास शिकले पाहिजे, कारण सरासरी पुष्कळदा सत्य झाकून टाकते.

समजा, एका वर्गाच्या पटावर ३० मुले आहेत. त्यांपैकी १८ मुले वर्षभर गावात असतात व त्यांची उपस्थिती शेकडा ९० आहे. उरलेली १२ मुले दहा महिन्यांपैकी पाच महिने बाहेर असतात. गावात असताना त्यांचीही उपस्थिती ९० टक्के आहे, म्हणजे वर्षाची ४५. वर्गाची वार्षिक सरासरी निघते ७२ टक्के. हा आकडा पाहून कार्यालय म्हणेल, ठीक आहे, थोडी सुधारणा हवी. प्रत्यक्षात त्या वर्गात ७२ टक्के उपस्थितीचे एकही मूल नाही. एक गट ९० वर आहे, दुसरा ४५ वर.

ह्याहून बिकट गोष्ट पुढे आहे. गेलेल्या बारा मुलांची नावे त्या पाच महिन्यांपुरती पटावरून कमी केली, तर वर्गाची सरासरी ९० टक्के होते! मुले नाहीशी होतात आणि आकडा सुधारतो. म्हणून कोणताही शेकडा पाहिला की दोन प्रश्न विचारावेत : हा कितीपैकी काढला, आणि त्या ‘कितीं’तून कोणाला वगळले?

माझी सूचना अशी की, प्रत्येक शाळेने महिनावार उपस्थितीचा एक तक्ता स्वतंत्र ठेवावा. त्यात मुलगे व मुली वेगळे दाखवावेत. गेलेल्या प्रत्येक मुलासमोर जाण्याची तारीख, परतण्याची तारीख, कोणाबरोबर व कोठे गेले, आणि मागे घरी कोण राहिले, हे लिहावे.

३. कारणे

कारण शोधताना ‘असे का?’ हा प्रश्न एकदा विचारून थांबू नये. मूल का गेले? आई गेली म्हणून. आई का गेली? कारण मुकादमाकडून मिळणारी उचल एका ‘कोयत्या’वर ठरते, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा पुरुष म्हणजे अर्धा कोयता. उचल का घ्यावी लागते? कोरडवाहू शेतीत पावसाळी पिकानंतर गावात काम नसते, आणि लग्न, आजारपण वा जुने देणे डोक्यावर असते. येथवर आलो, की पालकांना दोष देण्याची आपली घाई आपोआप ओसरते.

परंतु सर्व मुलांचे कारण एक नसते. माझ्या पाहण्यात तीन प्रकार आले. काही मुले जातात, कारण मागे त्यांना सांभाळणारे कोणी नसते. काही मुली जातात, कारण आई फडात असताना तान्ह्या भावंडाला सांभाळावयास त्याच लागतात. आणि काही थोराड मुले जातात, कारण ती बैल पाहतात, वाढे गोळा करतात, गाडीला हात लावतात. रोग तीन असतील तर औषध एक चालणार नाही. म्हणून मुलांची गणना अशा प्रकारांनुसार करणे अगत्याचे आहे.

४. पर्याय

कोणताही उपाय एकटा तपासू नये, दुसऱ्याशेजारी ठेवून तपासावा. साधन बदलले की फळ कसे बदलते, याचे उदाहरण आपल्याच शाळांत आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रमात अनेक राज्यांतून, ८० टक्के उपस्थिती असणाऱ्या मुलामागे दरमहा ३ किलो कोरडे धान्य दिले जाई. धान्य घरी जाई व घरच्या सर्वांत वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा तेच साहाय्य थेट मुलाच्या ताटात येऊ लागले. हेतू तोच राहिला, साधन बदलले, आणि मुलाला रोज दुपारी शाळेत येण्याचे कारण मिळाले.

आपल्या प्रश्नापुढे चार पर्याय दिसतात. पहिला, आहे तसे चालू द्यावे. हाही पर्याय नेहमी मांडावा, म्हणजे काही न करण्याची किंमत डोळ्यांपुढे राहते. दुसरा, मुले जेथे जातात तेथे, कारखान्याच्या तळावर शाळा चालवावी. महाराष्ट्रात ‘साखरशाळा’ या नावाने असे प्रयत्न झाले आहेत. तिसरा, कारखान्याजवळच्या नियमित शाळेत मुलांना तात्पुरता प्रवेश द्यावा. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश देणे हे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्यच ठरविले आहे. चौथा, मुलाला गावातच ठेवावे व हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व देखरेखीची सोय करावी.

५. कसोट्या

पर्याय पारखण्यास चार कसोट्या पुरेत : त्याने मुलाचे शिक्षण खरोखर अखंड राहील काय, खर्च किती व कोणाचा, सर्वांत दुबळ्या मुलापर्यंत तो पोहोचेल काय, आणि हाती असलेल्या माणसांकडून तो होईल काय.

साखरशाळेत मूल आईजवळ राहते, हा मोठा लाभ. परंतु तळ हलला की शाळा मागे राहते, आणि हंगामापुरता नेमलेला शिक्षक टिकतोच असे नाही. जवळच्या नियमित शाळेत शिक्षक व इमारत दोन्ही असतात. पण मूल वर्षाच्या मध्यास येते, वार्षिक परीक्षेपूर्वी जाते, आणि तळ रस्त्यापासून दूर असला तर पोहोचतही नाही. टोळी कर्नाटकात गेली असेल तर जवळची शाळा बहुधा कन्नड माध्यमाची निघते. गावातील हंगामी वसतिगृहात शाळा, भाषा व शिक्षक बदलत नाहीत. परंतु सहा-सात वर्षांच्या लेकराने आईपासून पाच महिने दूर राहणे ही लहान गोष्ट नव्हे, मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी मोठी आहे, आणि सर्व काही वेळेवर अवलंबून आहे. एका वर्षी माझ्या बीटात मंजुरी हाती आली तेव्हा टोळ्या जाऊन महिना उलटला होता. भांडी आली, धान्य आले, मुले मात्र फडात होती. तीच मंजुरी दसऱ्यापूर्वी आली असती तर तिची किंमत पूर्ण वसूल झाली असती.

निर्दोष पर्याय कोणताच नाही, हे यावरून ध्यानात येईल. एका लाभासाठी दुसरा किती सोडावयाचा, हे उघडपणे लिहिणे यातच चिकित्सेचा प्रामाणिकपणा आहे. आपल्या मनाने घेतलेल्या पर्यायाचे दोष लपविले, तर ती वकिली होते, चिकित्सा राहात नाही.

६. शिफारस

शिफारस एका पानाची असावी. तीत काय करावे, कोणी करावे, कोणत्या तारखेपर्यंत करावे आणि यश कशावरून ओळखावे, हे स्पष्ट असावे. नमुन्यादाखल एक काल्पनिक टिपण देतो.

‘आमच्या शाळेच्या पटावरील ६० मुलांपैकी २२ मुले गतवर्षी ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर गावाबाहेर होती. घरोघर विचारणा करता ११ मुलांना मागे सांभाळणारे व स्वयंपाक करणारे माणूस नाही असे आढळले. ७ मुली तान्ह्या भावंडांसाठी गेल्या, तर ४ मुले कामास हातभार म्हणून गेली. पहिल्या ११ मुलांसाठी हंगामी वसतिगृह दसऱ्यापूर्वी एक आठवडा सुरू व्हावे. मंजुरी ऑगस्टअखेर मिळावी. ७ मुलींसाठी तळाजवळ अंगणवाडीची सोय व जवळच्या शाळेत प्रवेश हवा. त्यासाठी संबंधित तालुक्यास आपल्या कार्यालयामार्फत यादी कळवावी. ४ मुलांच्या पालकांशी शाळा व्यवस्थापन समिती स्वतः बोलेल. ३१ जानेवारीस यांपैकी किती मुले कोणत्या तरी शाळेत प्रत्यक्ष हजर आहेत, यावरून फलित मोजावे.’

असे टिपण आणि ‘पालकांची उदासीनता’ हे दोन शब्द यांतील अंतर आपणच पाहावे. टिपण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला काहीतरी करता येते.

हे टिपण पाठविण्यास वेगळा अधिकार लागत नाही. कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे समितीचे कामच आहे. आपली चिकित्सा त्या आराखड्यात घालावी, तीवर समितीचा ठराव घ्यावा व ती मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यामार्फत वर पाठवावी. सेवेची शिस्त त्याने मोडत नाही. मात्र ही सभा सप्टेंबरच्या मध्यापूर्वी घ्यावी. ज्या मातांचे म्हणणे ऐकावयाचे, त्याच नंतर गावात नसतात.

कोणी विचारील, इतके करूनही वरून उत्तर आले नाही तर? शक्य आहे. जोतीरावांच्या मागण्या लगेच मान्य झाल्या नाहीत. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक किती सावध होते! सक्ती सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती होती, ती लागू करणे स्थानिक संस्थांच्या मर्जीवर होते, आणि खर्चाची वाटणीही ठरविलेली होती. तरी १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. परंतु युक्तिवाद दप्तरात राहिला. १९१७ साली करवीर संस्थानात शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि पुढे तो विषय पुनःपुन्हा सभागृहांपुढे येत राहिला. नीट मांडलेले टिपण एका वर्षी निष्फळ झाले, तरी पुढल्या वर्षी तेच अद्ययावत करून पाठविता येते. मांडलेच नाही, तर पाठविण्यास काही उरत नाही.

स्वाध्याय

येत्या महिन्यातील केंद्राच्या शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने पुढील चार गोष्टी लिहून आणाव्यात.

(१) मागील वर्षाच्या हजेरीपत्रकावरून महिनावार उपस्थिती, मुलगे व मुली वेगळे दाखवून.
(२) सर्वांत जास्त गैरहजर राहिलेल्या पाच मुलांच्या घरी जाऊन ऐकलेले कारण, शक्यतो त्या घरच्या माणसाच्याच शब्दांत.
(३) त्या कारणांवर सुचणारे किमान दोन पर्याय व प्रत्येकाचा एक लाभ, एक दोष.
(४) ऊसतोडीचा प्रश्न ज्या गावात नाही, तेथे वीटभट्टी, मेंढपाळी, शाळेचे अंतर किंवा पाणी भरणे यांपैकी जो प्रश्न असेल तो घ्यावा.

दुसऱ्या गोष्टीसाठी घरी गेल्यावर आपण कमी बोलावे. मी त्या दिवशी समजावण्यासाठी गेलो होतो, आणि म्हातारीने मला समजावून परत पाठविले.

— शिक्षण विस्तार अधिकारी